डनेडिनचे काळे उंदीर

१९५९ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नियतकालिकात तीन पानांचे एक टिपण छापून आले. मारियान बिएलशॉव्स्की, हेलियर आणि हॉवी अशी तीन नावे त्यावर होती आणि विषय होता काळ्या उंदरांना होणारा पंडुरोग. डनेडिन हे दक्षिण बेटावरचे, स्कॉटिश वसाहतकारांनी वसवलेले थंड गाव. लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तिथला अंक मुद्दाम मागवून वाचावा असे काही नव्हते. पण ल्युपस या रोगाचा वारसा शोधायला जे जे पुढे निघाले, त्यांना कधी ना कधी या तीन पानांपाशी यावे लागले.

या उंदरांचे घराणे मूळचे लंडनचे. १९३० मध्ये तिथल्या इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडाकडून ते डनेडिनला आले. मारियान आणि त्यांचे पती फ्रान्झ मात्र जर्मनीचे. फ्रान्झ ज्यू होते. हिटलर सत्तेवर आला, नोकरी गेली, आणि दोघांची भटकंती सुरू झाली. आधी माद्रिद, तिथे यादवी युद्ध पेटले म्हणून इंग्लंडातले शेफिल्ड, आणि शेवटी १९४८ मध्ये पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, डनेडिनच्या कर्करोग संशोधन विभागात. तिथे मारियान यांनी उंदरांचे शुद्ध वाण तयार करायला घेतले. एकाच विणीतल्या भावाबहिणींची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतली पुन्हा भावंडेच निवडायची, असे वीस पिढ्या केले की त्या वाणातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची जणू नक्कल होतो. निवड रंगावरून होत गेली. काळा निघाला तो ‘न्यूझीलंड ब्लॅक’. पांढऱ्या उंदरांचाही एक वेगळा वाण तिथे होता, ‘न्यूझीलंड व्हाइट’.

हवे होते कर्करोगाच्या प्रयोगांसाठी उंदीर, आणि काळ्या उंदरांत भलतेच दिसू लागले. जन्मतः धडधाकट असलेली ही जनावरे वयात आल्यावर फिकट पडत. त्यांची प्लीहा फुगे, तांबड्या पेशी फुटून जात. कूम्ब्स टेस्ट केली तर ती पॉझिटिव्ह येई. म्हणजे उंदराच्या तांबड्या पेशींवर त्याच्याच शरीराने बनवलेली प्रतिपिंडे चिकटलेली असत. कुणी काही टोचले नव्हते, कसला संसर्ग दिला नव्हता. कुंपणच शेत खात होते, आणि तेही पिढ्यानपिढ्या.

एर्लिशच्या शेळ्या आणि मेयोची पेशी

याचे नवल का वाटले, ते कळायला साठ वर्षे मागे जावे लागते. १९०० च्या सुमारास पॉल एर्लिश आणि मॉर्गनरोथ यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या शेळीच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे तयार झाली, पण स्वतःच्या पेशी फोडणारी काही तयार होईनात. शरीराला आपल्याच विषाची धास्ती असते, असे एर्लिश यांनी म्हटले आणि त्या धास्तीला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे लॅटिन नाव दिले. नावात एवढा दरारा होता की शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही, असे पुढच्या दोन पिढ्या शिकत आणि शिकवत राहिल्या.

ल्युपस तर त्याहून जुना. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरच्या, लांडग्याने चावा घेतल्यासारख्या दिसणाऱ्या जखमांना मध्ययुगातले वैद्य हे नाव देत. एकोणिसाव्या शतकात गालांवर फुलपाखरासारखा पसरणारा लाल चट्टा वेगळा ओळखला गेला. मग सांधे, मूत्रपिंडे, हृदयाचे आवरण, मेंदू असे एकेक अवयव त्या यादीत येत गेले. रुग्णांत दहापैकी नऊ बायका, आणि त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. कारण मात्र कुणालाच सांगता येत नव्हते.

बिएलशॉव्स्की दांपत्य डनेडिनला पोहोचले त्याच १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे अख्खे केंद्रक गिळले होते आणि ते तिच्या पोटात गोळ्यासारखे बसले होते. तिचे नाव पडले ‘एलई सेल’. पाठोपाठ क्लीव्हलँडमध्ये हॅसरिक यांनी दाखवून दिले की ल्युपसच्या रुग्णाचा रक्तद्रव निरोगी माणसाच्या मज्जेत मिसळला तरी ही पेशी तयार होते. याचा अर्थ कारभारी रक्तद्रवात होता. १९५७ मध्ये त्याचा चेहरा उघड झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेन्री कुंकेल यांचा गट, पॅरिसमध्ये सेलिग्मान, शिवाय इटली आणि स्वित्झर्लंडमधले संशोधक, अशा चार ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी आढळले की या रुग्णांची प्रतिपिंडे थेट डीएनएला जाऊन चिकटतात. जो रेणू प्रत्येक सजीवाचा वारसा लिहून ठेवतो, त्याच्याच विरुद्ध हे शस्त्र होते. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, कॉफलर, शुर आणि कुंकेल यांनी ल्युपसने निकामी झालेल्या मूत्रपिंडांतून हीच प्रतिपिंडे काढून दाखवली. आता ती नुसती खूण राहिली नव्हती. घाव घालणारा हातही तोच होता.

पण हा हात उगारायला शरीर शिकते कुठे? माणसात ते शोधणे कठीण. माणसाची जोडी लावता येत नाही, आणि त्याच्या वीस पिढ्या पाहायला पाचशे वर्षे लागतील. उंदराची पिढी मात्र तीन महिन्यांत उलटते.

काळा आणि पांढरा

१९६३ मध्ये हेलियर आणि हॉवी यांचे आणखी एक टिपण आले, ते ‘नेचर’मध्ये. काळ्या उंदराची जोडी त्यांनी पांढऱ्याशी लावली होती. ‘खाण तशी माती’ म्हणावे तर काळ्याचा आजार पिल्लांत थोडाफार उतरावा, पांढऱ्याच्या निरोगी रक्ताने तो थोडाफार विरावा. झाले उलटेच. पिल्लांत पंडुरोग मागे पडला आणि त्याच्या जागी मूत्रपिंडांचा जीवघेणा दाह आला. त्यांच्या रक्तात केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे होती आणि मेयोतली ती एलई पेशीही दिसत होती. माद्या साधारण आठ-नऊ महिन्यांत मरत, नर त्यांच्यापेक्षा काही महिने जास्त जगत. बायकांना जास्त गाठणारा, मूत्रपिंडे खाणारा, डीएनएवर उठणारा हा रोग हुबेहूब माणसातला ल्युपस होता. आणि त्याला जन्म देणाऱ्या जोडीतला एक पालक जवळजवळ निरोगी होता.

या कोड्याने पुढची चाळीस वर्षे संशोधकांना कामाला लावले. हे उंदीर मेलबर्नला गेले, लंडनला गेले, अमेरिकेत गेले. नुकतेच नोबेल मिळालेल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी मेलबर्नच्या आपल्या संस्थेत ते पाळले, आणि सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर संकरित उंदरांची मूत्रपिंडे वाचतात हे तिथेच साठच्या दशकात दिसून आले. आजही ल्युपसने मूत्रपिंडांना धोका झाला की डॉक्टर जी औषधे काढतात, त्यांत ते आहे.

कारणांचा शोध मात्र काही काळ आडवाटेला गेला. काळ्या उंदरांच्या पेशींत विषाणूंचे कण दिसले, आणि साठच्या दशकाअखेरीस अनेकांची खात्री पटली की पिढ्यानपिढ्या उतरणारा हा विषाणूच खरा गुन्हेगार. दुसरी वाट नायजेरियातून आली. इबादानच्या रुग्णालयात काम करताना ब्रायन ग्रीनवुड यांच्या लक्षात आले की ज्यांना लहानपणापासून हिवताप होतो, त्या तिथल्या लोकांत असले आजार फार कमी आढळतात. लंडनला परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह डनेडिनच्या संकरित उंदरांना उंदरांच्या हिवतापाची लागण केली. त्यांचा रोग लांबला. १९७० मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आले. त्या वेळी एक गमतीचे निरीक्षण म्हणून त्याकडे पाहिले गेले. त्याची खरी किंमत कळायला आणखी चाळीस वर्षे लागायची होती.

संप्रेरकांची बाजूही तपासली गेली. १९७८ मध्ये नॉर्मन टलाल यांच्या गटाने नर पिल्लांचे अंडकोष काढले, तेव्हा ते माद्यांसारखे लवकर मरू लागले; माद्यांना पुरुषी संप्रेरक दिले, तेव्हा त्या जास्त जगल्या. यावरून कळले की संप्रेरके रोगाची गती वाढवतात किंवा थोपवतात. रोगाचे बी मात्र त्यांत नव्हते.

बोस्टनमधला धक्का

बोस्टनला रॉबर्ट श्वार्ट्झ आणि श्यामल दत्ता यांनी विषाणूचा पिच्छा पुरवायचे ठरवले. काळ्या उंदराचा त्यांनी एसडब्ल्यूआर नावाच्या दुसऱ्याच एका निरोगी वाणाशी संकर केला आणि पुढच्या पिढीत पाहिले की विषाणू आणि रोग हातात हात घालून उतरतात का. ते उतरत नव्हते. काही उंदरांत विषाणू भरपूर होता पण स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती, काहींत प्रतिपिंडे होती पण विषाणू नव्हता. १९७८ मध्ये विषाणूची बाजू तिथेच कोसळली. तीनच वर्षांनी वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आल्फ्रेड स्टाइनबर्ग यांच्या गटाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. काळ्या उंदराच्या आजाराची वेगवेगळी लक्षणे वेगवेगळ्या जनुकांच्या ताब्यात होती. एक कुटुंबप्रमुख आणि बाकी सगळे त्याच्या हुकमात, असे हे घर नव्हते. यातल्या प्रत्येकाची चूल वेगळी होती.

खरा धक्का १९८५ मध्ये बसला. काळा आणि एसडब्ल्यूआर यांच्या संकरित पिल्लांच्या मूत्रपिंडांत जाऊन रुतणारी, सर्वांत घातक ठरू शकणारी प्रतिपिंडे नेमकी कुणाची, हे दत्ता यांच्या गटाने तपासले. प्रत्येक वाणाच्या प्रतिपिंडांवर त्या घराण्याची म्हणता येईल अशी एक खूण असते. तिच्यावरून माल कुठल्या बाजूचा ते ओळखता येते. खूण निघाली एसडब्ल्यूआरची. विषारी बाण बनवायची कृती निरोगी पालकाच्या गुणसूत्रांत लिहिलेली होती. त्या पालकाने ती आयुष्यभर कधी वापरली नाही एवढेच. काळ्याची जनुके आली आणि कोठारातले ते बाण बाहेर निघाले.

बोस्टनमधला निरोगी पालक वेगळा होता, डनेडिनचा वेगळा. पण प्रश्न एकच होता. पांढऱ्या उंदराने पिल्लांना काय दिले?

पांढऱ्याचे गुपित

याचे उत्तर फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमधून आले. एडवर्ड वेकलंड आणि लॉरेन्स मोरेल यांनी काळ्या-पांढऱ्या संकरापासून पुढे तयार केलेला, रोग पक्का बसलेला एक वाण घेतला. १९९४ मध्ये त्यांनी गुणसूत्रांवर तीन ठिकाणे दाखवली. पहिल्या गुणसूत्रावर एक, चौथ्यावर एक, सातव्यावर एक. त्यांना नावे मिळाली ‘एसएलई वन’, ‘टू’ आणि ‘थ्री’. मग त्यांनी फार चिकाटीचे काम केले. सी५७ ब्लॅक ६ हा प्रयोगशाळांतला सर्वांत सरळमार्गी, निरोगी वाण घेतला आणि पिढ्यानपिढ्या संकर करत त्याच्यात या तिन्हींतला एकेकच तुकडा बसवला. बाकी सगळा उंदीर निरोगी, फक्त एवढेच ठिगळ लावलेले.

यातून तीन गोष्टी सुट्या झाल्या. फक्त दुसरा तुकडा असलेल्या उंदरात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी अतिउत्साही झाल्या, पण घातक काही घडले नाही. फक्त तिसरा तुकडा असलेल्यात टी पेशींचे संतुलन बिघडले, आणि तेही निभावले. फक्त पहिला तुकडा असलेला उंदीर सगळ्यांत बोलका ठरला. त्याच्या रक्तात केंद्रकातल्या डीएनए आणि हिस्टोन प्रथिनांच्या जोडगोळीविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर, आणि मूत्रपिंडे जवळजवळ ठणठणीत. चंद्र मोहन यांनी १९९८ मध्ये हे मांडले आणि पुढच्याच वर्षी दाखवले की पहिला आणि तिसरा तुकडा एका उंदरात एकत्र आले की मूत्रपिंडांचा घातक दाह उभा राहतो. २००० साली तिन्ही तुकडे एका निरोगी उंदरात बसवून मोरेल यांनी ल्युपस जणू भागांतून जोडून दाखवला.

स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे बनवण्याचा वारसा एक, त्या प्रतिपिंडांनी मूत्रपिंड मारण्याचा वारसा दुसरा, हे इथे प्रथमच इतके स्वच्छ दिसले. आणि प्रतिपिंडांचा तो पहिला तुकडा, ‘एसएलई वन’, आला होता पांढऱ्या उंदराकडून. तिसराही त्याच्याकडचाच. चाळीस वर्षे काळ्यावर आळ होता, आणि मुद्देमाल निम्म्याहून अधिक पांढऱ्याच्या घरात निघाला.

मग पांढरा स्वतः का आजारी पडत नव्हता? १९९९ मध्ये तेही कळले. त्याच्याकडे रोगाच्या जनुकांबरोबर ती दाबून ठेवणारी जनुकेही होती. गेन्सव्हिलच्या गटाला अशी चार ठिकाणे सापडली. त्यांतले सर्वांत बळकट ठिकाण उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर होते, जिथे प्रतिकारयंत्रणेला ओळख पटवून देणारी जनुके असतात तिथेच, आणि ते नेमके ‘एसएलई वन’ला लगाम घालत होते. पांढऱ्या उंदराने घोडा आणि लगाम दोन्ही पाळले होते. काळ्याशी संकर झाला तेव्हा पिल्लांना घोडा मिळाला आणि लगाम अर्धवट सुटला.

माणसांत तेच

माणसात वारशाची चाहूल आधीपासून होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासात, एकबीज जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण २४ टक्के निघाले, द्विबीज जुळ्यांत फक्त २ टक्के. वारसा आहे हे या आकड्यांनी सांगितले. पण तो पुरेसा नाही, हेही त्याच आकड्यांनी सांगितले. सगळी जनुके तीच असूनही चारांतली तिघे वाचत होती.

प्रतिपिंडांच्या दिशेने पहिली पावले एचएलए जनुकांनी दाखवली. या जनुकांपासून बनणारे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे ताटात वाढल्यासारखे टी पेशींसमोर मांडतात. ताट कसे आहे यावर त्यात काय मावेल हे ठरते. सत्तरच्या दशकात एचएलए आणि ल्युपसचे नाते सापडले होतेच. ऐंशीच्या दशकात कळले की ते नाते खरे तर रोगाशी कमी आणि प्रतिपिंडांशी जास्त आहे. डीआर३ नावाचे ताट असलेल्या रुग्णांत ‘रो’ आणि ‘ला’ ही प्रतिपिंडे अधिक सापडत. ही नावे रुग्णांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडलेली. ‘एसएम’ हे ल्युपसचे आणखी एक खास प्रतिपिंडही तसेच, १९६६ साली एका रुग्णाच्या आडनावावरून नाव मिळालेले.

‘रो’ने वारसा आणि रोग यांतले अंतर आणखी एका ठिकाणी दाखवले. रक्तात ‘रो’ असलेली आई पूर्ण निरोगी असू शकते, तिला आपल्या रक्ताची कल्पनाही नसते. पण गरोदरपणात ती प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. काही थोड्या बाळांच्या अंगावर चट्टे उठतात आणि आईची प्रतिपिंडे विरली की काही महिन्यांत जातात. काहींच्या हृदयातली विजेची वाट मात्र कायमची तुटते. बाळाने ते प्रतिपिंड बनवलेले नसते, त्या प्रतिपिंडाची जनुके त्याच्याकडे असतीलच असेही नाही. शस्त्र आईचे, घाव बाळाला, आणि आई निरोगी.

उंदरांतल्या पहिल्या गुणसूत्राचाही माणसातला जोडीदार सापडला. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बेट्टी त्साओ यांनी माणसाच्या पहिल्या गुणसूत्राचा तसाच भाग ल्युपसच्या कुटुंबांत रोगाशी जोडलेला दाखवला. त्याच गुणसूत्रावर बी पेशींना ब्रेक लावणारे एफसीजीआर२बी हे जनुकही आहे. त्याचा एक सदोष प्रकार ल्युपसचा धोका वाढवतो, आणि २०१० मध्ये केनियातल्या मुलांच्या अभ्यासाने दाखवले की तोच प्रकार गंभीर हिवतापापासून वाचवतो. ब्रेक सैल असलेली प्रतिकारशक्ती परजीवीवर जोरात तुटून पडते. हिवतापाच्या प्रदेशांत असे जनुक टिकून का राहिले, याचा उलगडा इथे होतो. इबादानमधल्या त्या जुन्या निरीक्षणाला चाळीस वर्षांनी जनुकांची साथ मिळाली.

आणि सफाईची जनुके. सी१क्यू हे पूरक प्रथिन मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मदत करते. ते जन्मतःच नसलेल्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना ल्युपस होतो. इथे जवळजवळ एकच जनुक सगळे ठरवते. पण असे रुग्ण फार दुर्मिळ. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये १९९८ मध्ये मार्क वॉलपोर्ट यांच्या गटाने उंदरांतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्यांतल्या सुमारे चौथाई उंदरांनाच मूत्रपिंडांचा दाह झाला. कचरा साठला तरी बाकीची घडण कशी आहे त्यावरच पुढचे अवलंबून राहिले.

सैनिकांच्या नळ्या

प्रतिपिंड आधी की रोग आधी, हे माणसात थेट पाहायची संधी एका अनपेक्षित ठिकाणी मिळाली. एड्सच्या साथीनंतर अमेरिकी लष्कराने आपल्या जवानांचे रक्त नियमित तपासायला सुरुवात केली, आणि उरलेला रक्तद्रव गोठवून जपून ठेवला. मेलिसा आर्बकल आणि ओक्लाहोमाचे जॉन हार्ले यांनी पुढे ल्युपस झालेले १३० जवान शोधले आणि त्यांच्या जुन्या नळ्या उघडल्या. २००३ मध्ये निकाल आला. १३० पैकी ११५ जणांच्या, म्हणजे ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीच प्रतिपिंडे होती. सगळ्यांत जुनी नोंद ९.४ वर्षे आधीची. क्रमही ठरलेला होता. आधी केंद्रकाविरुद्धची आणि ‘रो’-‘ला’ यांसारखी प्रतिपिंडे, मग डीएनएविरुद्धची, आणि निदान अगदी जवळ आल्यावर ‘एसएम’. ही माणसे त्या काळात कवायत करत होती, कामावर होती. रोग दारात यायच्या कितीतरी वर्षे आधी त्याचे पहिले पाऊल आत आले होते.

मग प्रश्न उरला तो एवढाच: मोठ्या जनुक-शोधांतून ल्युपसची म्हणून जी जनुके सापडत होती, ती नेमकी कशाची? २००५ मध्ये उप्सालाच्या संशोधकांनी आयआरएफ५ दाखवले, २००७ मध्ये एसटीएटी४ आले, २००८ मध्ये हजारो रुग्णांच्या अभ्यासांतून आयटीजीएएम आणि इतर. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेरॉन चुंग आणि लिंडसे क्रिसवेल यांनी रुग्णांचे दोन गट केले. १,७१७ रुग्णांपैकी ८११ जणांना डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे होती, ९०६ जणांना नव्हती. दोन्ही गटांची तुलना त्यांनी ४,८१३ निरोगी लोकांशी केली. २०११ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की एसटीएटी४, आयआरएफ५, आयटीजीएएम आणि एचएलए यांचे नाते प्रतिपिंडे असलेल्या गटातच ठळक आहे. ल्युपसची जनुके म्हणून आपण ज्यांना नावे दिली, त्यांतली बरीचशी प्रतिपिंडे बनवण्याकडे कल असण्याची जनुके असावीत, असे त्यांनी मांडले. गेन्सव्हिलच्या पिंजऱ्यात जे तेरा वर्षांपूर्वी दिसले होते, ते आता माणसांच्या यादीतही उतरले.

हे आपल्याकडे कुठे येऊन भिडते? पुण्या-मुंबईतच काय, आता तालुक्याच्या लॅबमध्येही ‘एएनए’, म्हणजे केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, तपासणी होते, आणि ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द छापलेला कागद घेऊन घरचे लोक संधिवाततज्ज्ञाकडे धावतात. ‘एसएम’ प्रतिपिंड शोधणाऱ्या एंग टॅन यांनीच १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांतून निरोगी लोकांचे रक्त तपासले होते. चाळीस पट पातळ केलेल्या रक्तद्रवात ३१.७ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले, एकशे साठ पट पातळ केल्यावर ५ टक्के. म्हणजे जवळपास दर तिसरा माणूस काही ना काही प्रमाणात पांढऱ्या उंदराच्या जातीचा. घोडाही आहे, लगामही आहे.

त्या कागदाबरोबर आणखी एक प्रश्न दवाखान्यात येतो, बहुतेक वेळा दाराशी, डॉक्टरांनी निरोप दिल्यावर. मुलीची आई हळूच विचारते, ‘हे माझ्याकडूनच आलं का?’ त्यामागे सासरचे, सोयरिकीचे आणि स्वतःला दोष देण्याचे बरेच काही असते. डनेडिनच्या उंदरांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. थोडे तुमच्याकडून, थोडे वडिलांकडून, थोडे असे की त्याला दोघांचाही इलाज नाही. तुमच्यात जे होते ते तुमच्यात निजून राहिले, कारण त्याला धरून ठेवणारेही तुमच्यातच होते. मुलीला एक मिळाले आणि दुसरे अर्धेच मिळाले. यात कुणाची खाण वाईट नव्हती.